जुवाखालची दुपार

वर गडाचा जो बुरूज दिसतो आहे, तो पडलेला नाही. नीट बघा. पडक्या बुरुजाची कड वेडीवाकडी असते. याची सरळ आहे, कारण तो तेवढाच बांधला आणि सोडून दिला. त्या सरळ कडेवर एकच दगड एकटा, तिरका बसलेला दिसतो ना? त्याचीही गोष्ट आहे. आणि तुम्ही आत्ता ज्या गोल दगडी चरीच्या काठावर टेकलात, ती चुन्याची घाणी. बुरुजाचा सगळा चुना इथेच मळला गेला. या दोहोंच्या मध्ये आमची घाणेवाडी आहे, आणि ऊन डोक्यावर आल्यापासून ती झोपलेली आहे.

अहो, त्याला हलवू नका! तुमच्या ड्रायव्हरबद्दल म्हणते मी. तुम्हाला संध्याकाळी साखरपुड्याला पोचायचंय, हे तुम्ही दोनदा सांगितलंत, मला दोन्ही वेळा ऐकू आलं. पण तो पोरगा रात्रभर गाडी हाकत होता आणि तुम्ही मागच्या सीटवर झोपला होतात. रस्ता विचारायला त्यानं काच खाली केली तेव्हा मी त्याचे डोळे बघितले. पुढे घाट आहे. म्हणून मीच त्याला म्हटलं, या जुवाखालून वाकून ये आणि कडुनिंबाखाली पड. गावच्या वेशीला दोन खांबांवर बैलांचं जू आडवं बांधलंय, त्याच्याखालून जो वाकून आत आला आणि आडवा झाला, त्याला या गावात कोणी उठवत नाही. तुम्हालाही उठवू देणार नाही. रागावून काही उपयोग नाही. मी चौतीस वर्षं शाळेत मुलं सांभाळली आहेत, मला रागाची सवय आहे.

बसा. गोष्ट ऐका, तेवढाच वेळ जाईल.

गड कोणाचा, कोणत्या राजवटीतला, हे मला विचारू नका. गावात तीन जाणते आहेत आणि त्यांची चार मतं आहेत. पण गडावर हैबतराव नावाचा किल्लेदार होता आणि त्याला झोप येत नसे, एवढं सगळे एका सुरात सांगतात. त्यानं गड लढून घेतला नव्हता म्हणे. एका उन्हाळ्यात, भर दुपारी, पहारेकऱ्यांचे डोळे जड होऊन मिटले, तेवढ्यात हा कड्याला दोर लावून वर चढला. गड हातात आला, पण झोप हातची गेली. आपला डोळा लागला की दुसरा कोणीतरी दोर लावील, ही धास्ती त्याच्या मनात बसली. रात्री तो तटावरून फिरायचा, दुपारी सदरेवर ताठ बसायचा. आणि ज्याला स्वतःला झोप नाही, त्याला दुसऱ्याची जांभईसुद्धा सोसत नाही.

ज्या कड्यावरून तो स्वतः चढला होता, तिथे त्यानं बुरूज बांधायला काढला. आसपासची सगळी माणसं वेठीला धरली. पहाटे तांबडं फुटायच्या आत काम सुरू, ते चांदणं असेल तर चांदण्यातही चालू. बाया चुन्याच्या पाट्या वाहायच्या, गडी वासे बांधून केलेल्या परांचीवर चढून दगड बसवायचे. कोणी पेंगू नये म्हणून दिवसभर एक हलगीवाला कामावर हलगी वाजवत असे. तरीही कोणाची मान कलली, तर रायाजी मुकादमाचा कोरडा पाठीवर पडे. रायाजी वाईट माणूस नव्हता असं सांगतात. नसेल. कोरडा चांगल्या माणसानं मारला तरी वळ तेवढाच उठतो.

या कामावर बहिरू नावाचा गवंडी होता, आणि त्याची बायको कोंडाई पाट्या वाहत होती. बहिरूचा धाकटा भाऊ म्हसू हाही परांचीवरच. एका दुपारी म्हसूचा उभ्या उभ्या डोळा लागला. हलगी वाजत होती, तरी लागला. तो कड्याच्या बाजूला खाली गेला. ओरडलासुद्धा नाही, कारण तो झोपेतच होता. किल्लेदारानं वरून वाकून पाहिलं आणि हलगीवाल्याला जोरात वाजवायला सांगितलं. काम एक घटकाही थांबलं नाही.

पुढे काही दिवसांतच इथे, या घाणीवर, ढवळ्या नावाचा बैल उन्हानं कोसळला आणि मेला. तेव्हा मात्र हैबतराव स्वतः गड उतरून आला. बैलाच्या कपाळावरून त्यानं हात फिरवला, हळहळला आणि हुकूम दिला: ऊन डोक्यावर आलं की जनावरांच्या मानेवरचं जू उतरवायचं, पाणी दाखवायचं, सावलीला बसवायचं. ते निवांत रवंथ करतील तोवर घाणीजवळ हलगी वाजायची नाही. घाणीच्या मधोमध रोवलेल्या खुंटाची सावली चरीला लागेपर्यंत त्यांना कोणी उठवलं, तर त्याचा हात कलम. माणूस वेठीनं फुकट मिळत होता, बैल मिळत नव्हता.

हे ऐकताना कोंडाईचं सगळं लक्ष नवऱ्याकडे होतं. रात्री भाकरीचा घास हातात धरून बहिरू तसाच झोपी जाई. परांचीवर त्याच्या हातून थापी निसटून खाली येऊ लागली होती. आधी थापी येते, मग माणूस येतो, हे म्हसूच्या वेळी तिनं पाहिलं होतं. आपला नवरा आता आज जातो की उद्या, एवढाच प्रश्न उरलाय हे तिला कळून चुकलं. त्या काळी अशा वेळी बाईनं नवस बोलायचा असे. तिनं नवस केला नाही. देवाला काय मागायचं, झोप? ती तर देवानं आधीच सगळ्यांना सारखी दिलेली आहे. मधे जो आडवा आलाय त्याच्याशीच बोललं पाहिजे, असं तिनं ठरवलं.

ढवळ्या गेल्यावर त्याचा जोडीदार पवळ्या एकटा उरला होता. एकट्या बैलाला घाणीचं दगडी चाक ओढवेना. चुना थांबला, म्हणून बुरूज थांबला, म्हणून किल्लेदार पुन्हा खाली आला. भोवती सगळी माणसं उभी होती. कोंडाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून पुढे झाली.

"सरकार, ढवळ्याची जागा मी भरते. पर बैलाचं काम करीन तर बैलाचा मानबी घीन. ऊन डोईवर आलं की माझ्या मानंवरचं जू उतरायचं. सावलीला पडीन. कुनी उठवायचं न्हाई."

हैबतराव हसला म्हणे. तो हसलेला लोकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. एक बाई जू ओढणार, ती सूर्य चढायच्या आतच बसेल, असं त्याला वाटलं असणार. "दिला मान," तो म्हणाला, "जुवाखाली जो येईल त्याला बैलाचा मान." सगळ्यांच्या देखत म्हणाला. मोठ्या माणसांची हीच चूक होते, हसताना ती शब्द मोजत नाहीत.

कोंडाईनं जुवात मान घातली. एका बाजूला पवळ्या, एका बाजूला ती. खांद्याचं सालटं निघालं, पायांना चुना खाऊ लागला, पण चाक फिरलं. ऊन डोक्यावर आलं तशी ती थांबली आणि रायाजीकडे बघत राहिली. रायाजी पुढे आला, त्यानं पवळ्याचं जोतं सोडलं, मग तिच्या मानेवरून जू उचललं. दगडी डोणीत पवळ्या पाणी प्याला, तिथेच तीही प्याली. मग ती कडुनिंबाखाली पवळ्याच्या पोटाला पाठ लावून पडली आणि झोपली. नुसती डुलकी नाही, घोरत होती असं सांगतात. ती झोप वरून परांचीवरच्या माणसांना दिसत होती. पंगतीत आपल्या पानापर्यंत वाढपी येऊच नये आणि शेजारी बसलेला हात धुऊन उठावा, तशी त्यांची गत झाली.

त्या रात्री बहिरूनं तिच्याशी भांडण काढलं. त्याला लाज वाटत होती.

"जनावर झालीस व्हय गं तू?" तो म्हणाला.

"जनावर जगतंय, मानूस मरतंय," ती म्हणाली. "उद्या तूबी ये."

"जू दोघांचं असतंय."

"मग लांब करू. वासं हायेत की."

बहिरूला आधी कळलंच नाही की ती कोणत्या वाशांबद्दल बोलतेय. मग कळलं. ज्या वाशांवर उभं राहून त्याचा भाऊ गेला, ज्यांवर तो स्वतः रोज मरणाची वाट बघत उभा होता, तेच परांचीचे वासे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी वर चढलेच नाहीत. त्यांनी खालूनच परांचीचे सुंभ सोडले आणि वासे उतरवून इथे घाणीवर आणले. रायाजीनं विचारलं, हे काय चाललंय? बहिरू म्हणाला, चुना कमी पडतोय, आधी चुना मळतो. रायाजीचेही डोळे लाल होते. इतरांना जागं ठेवायचं तर त्यालाही जागंच राहावं लागत होतं ना. त्यानं मान दुसरीकडे वळवली. त्यांनी जुवाला वासा बांधला, वाशाला वासा बांधला, आणि गवंडी, पाथरवट, पाट्या वाहणाऱ्या बाया, सगळ्यांनी मान लावली. या चरीत चाक असं कधी फिरलं नव्हतं. चुना लोण्यासारखा मळला गेला. तो लावायला मात्र वर कोणी नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं. सगळ्यांनी मानेवरचे वासे उतरवून कडुनिंबाच्या खालच्या फांद्यांना आडवे टेकवले, पाणी प्यायले आणि कडुनिंबाच्या सावलीत ओळीनं आडवे झाले. घाणीजवळ हलगी वाजवायची नाही असा हुकूमच होता, आणि आता सगळं काम घाणीजवळच आलेलं. हलगीवाल्यानं हलगी काखेत मारली.

गड गप्प झाला.

त्या गप्पपणानं हैबतराव सदरेवरून उठला. हलगी बंद म्हणजे कोणीतरी दोर लावला, एवढंच त्याला सुचलं. तलवार उपसून तो धावत तटावर आला. बुरुजावर माणूस नाही, बुरुजाला परांची नाही. खाली वाकून पाहतो तर वेठीची सगळी माणसं कडुनिंबाखाली घोरत पडलेली. गड उतरून येईपर्यंत त्याचा राग डोळ्यांत आला होता. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," असं तो ओरडला म्हणतात. पुढे म्हणाला, "उठव रायाजी. एकेकाला फोडून उठव."

रायाजीनं कोरडा उचलला. उचलून तसाच धरला. "सरकार," तो म्हणाला, "तुमचाच सबूद हाय. उठवील त्येचा हात कलम." मग कमरेची सुरी काढून त्यानं कोरड्याची चामडी वादी कापून टाकली. उरलेली लाकडी मूठ त्यानं उशाला घेतली, वाशाखालून वाकून पलीकडे गेला आणि बहिरूशेजारी पडला. त्याच्या मागोमाग हलगीवाला.

आता सगळ्या मुलखात एकटा किल्लेदार जागा होता.

कोंडाईनं तेव्हा डोळे उघडले. उठली नाही. पडल्या पडल्याच म्हणाली, "जागा हाय, सरकार. मान वाकवा आन् पडा."

इथे मी दर वेळी थांबते. कारण मला वाटतं, ती चेष्टा करत नव्हती. तिनं त्याचेही डोळे पाहिले असणार, जसे मी तुमच्या या पोराचे पाहिले. जागा खरोखर होती. त्याला कोणी अडवत नव्हतं. फक्त मान वाकवायची होती, आणि तेवढंच त्याला जमेना. तो माघारी फिरला. गड चढून थेट बुरुजावर गेला. तुमच्याविना अडत नाही, हे त्याला दाखवायचं होतं. आतल्या बाजूनं चढून त्यानं एक दगड स्वतः उचलून कडेला नेला, स्वतः चुना थापला, आणि बसवला. तिरका बसला. तो बघा, तोच तो. मग दम लागला म्हणून तो त्या दगडाला टेकून बसला. हलगी नाही, छिन्नी नाही, मुकादमाची हाळी नाही, नुसतं ऊन आणि वारा. इतक्या वर्षांची थकलेली झोप तिथे त्याच्यावर आली.

काही लोक सांगतात, गडदेवीनं त्याला ढकललं. मला ते पटत नाही. झोपेला देवीची मदत लागत नाही. तो म्हसूच्याच बाजूला, म्हसूच्याच जागी पडला. त्याला हाक मारायला एकही माणूस जागा नव्हता.

खुंटाची सावली चरीला लागली तेव्हा माणसं उठली आणि त्यांना तो कड्याखाली दिसला. कोणी रडलं नाही, खोटं कशाला सांगू? बहिरू म्हणाला, "बरं झालं." कोंडाईनं आपलं कांबळं आणून त्याच्यावर टाकलं आणि म्हणाली, "बरं झालं तर झालं. पर एक जन जागा असता तर हाळी घातली असती. म्हसूलाबी घातली असती. आजपासनं समदे निजायचे. आन् एकानं जागायचं, ते निजनाऱ्यांसाठी." आणि रायाजीच्या हातातली वादी नसलेली मूठ घेऊन दुसऱ्या दुपारी सगळ्यांत आधी ती स्वतः जागायला बसली.

पुढे दुसरा किल्लेदार आला, त्याच्यामागे तिसरा. बुरूज पुरा करा असे हुकूम सुटत राहिले. गावानं दर वेळी एकच उत्तर पाठवलं: बैलाचा मान द्या, दुसऱ्या दिवशी कामावर येतो. माणसाला बैलाइतका मान द्यायला एकालाही जमलं नाही. म्हणून बुरूज अर्धा आहे. आम्ही तो अर्धाच ठेवलाय, आणि आम्हाला त्याची जराही लाज वाटत नाही.

बाहेर आम्हाला आळशांचं गाव म्हणतात. म्हणोत. दुपारी साहेबांची जीप आली तर ती वेशीबाहेर थांबते. एका साहेबांनी पूर्वी भोंगा वाजवून गाव उठवायचा प्रयत्न केला होता. त्यांना इतका वेळ बसवून ठेवलं की शेवटी तेच जुवाखालून वाकून आले. आणि इथे सून घरात आली की पहिल्या दुपारी ती चूल पेटवत नाही, भांडी घासत नाही. जुवाखालून वाकून येते आणि झोपते. तिच्या उशाशी सासू जागत बसते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माहेरी आई सगळ्यांच्या शेवटी निजायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची, तिला दुपारी पाठ टेकलेली मी कधी पाहिलीच नव्हती. मी डोळे मिटून नुसती पडून राहिले. सासूबाई मूठ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "नीज बाई, मी हाय." त्यानंतर मी इतकी झोपले की दिवेलागणीला जागी झाले. तेव्हा मला आईसाठी रडू आलं, ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

आजही गाव तसंच झोपतं आणि आजही एक जण जागतो. आज पाळी माझी आहे. ही ती मूठ. वादी नाही हिला, मारता काही येत नाही, फक्त धरता येते.

तुम्ही पुन्हा घड्याळ बघितलंत. बघा. साखरपुडा थोडा उशिरा लागेल, पण लागेल. हा पोरगा घाटात पेंगला असता, तर तिथे तुम्हाला हाळी घालायला कोण होतं?

बरं, एक करा. ही मूठ धरा. घ्या हो, चावत नाही. सकाळपासून माझेही डोळे जड झालेत, आणि तुमची झोप तर गाडीतच झाली आहे, म्हणजे आत्ता इथे जागं राहायला तुमच्याइतकं लायक कोणी नाही. खुंटाची सावली चरीला लागली की सगळे आपोआप उठतील, तुमचा पोरगाही. तोवर त्याच्या उशाशी बसा. कोणी गाडीवाला आला आणि घाई आहे म्हणाला, तर त्याला काय सांगायचं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.